दोन कॉम्प्युटरवरचं कॅलेंडर एकसारखं कसं ठेवायचं? तारीख बदलली, पण दुसरीकडे पोचलीच नाही

पानगळ | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कुठे चुकतंय ते कळणार नाही.

मी घरून भाषांतराचं काम करते. कामाच्या टेबलावर डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स. आईच्या खोलीत लॅपटॉप असतो, त्यावर विंडोज. दोन्हीकडे थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आहे आणि त्यातलंच कॅलेंडर वापरते. माझ्या कामाच्या मुदती त्यात असतातच, पण खरं महत्त्वाचं आहे ते आईचं डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी ७ वाजता, दर वेळी चार तास. शिवाय रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांच्या भेटी, कुठलं औषध कधी संपतं त्याच्या तारखा. भाऊ आणि मी आळीपाळीने आईजवळ असतो. मी डेस्कटॉपवर नोंदवते, तो लॅपटॉपवर बघतो, कधी तोही नोंद करतो.

दीड वर्ष माझी पद्धत अशी होती: रात्री झोपायच्या आधी डेस्कटॉपवरून सगळं कॅलेंडर आयसीएस फाइलमध्ये (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) एक्स्पोर्ट करायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि लॅपटॉपवर इम्पोर्ट करायचं. नव्या नोंदी व्यवस्थित यायच्या, त्यामुळे माझा विश्वास बसला होता.

मागच्या सोमवारी दुपारी फोन आला की गुरुवारची फेरी शुक्रवारी ११ वाजता होईल. मी लगेच डेस्कटॉपवर त्या एकाच दिवसाची नोंद सरकवली. रात्री नेहमीसारखं लॅपटॉपवर इम्पोर्ट केलं. "इतक्या नोंदी आधीच आहेत म्हणून वगळल्या" असा संदेश आला. तो रोजच यायचा. जुन्या नोंदी आहेतच, नव्या तेवढ्या घेतल्या, असा मी त्याचा अर्थ लावत आले होते.

गुरुवारी पहाटे पावणेसहाला लॅपटॉपवर जुनाच रिमाइंडर वाजला. त्या रात्री भाऊ आईजवळ होता, मी झोपले होते. त्याने आईला उठवलं, तिचं आवरलं, घेऊन गेला. तिथे त्या वेळेला तिच्यासाठी मशीन नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. दीड तासाने दोघं परत आले. आई काही बोलली नाही, पण जिना चढताना दोनदा थांबली. फोन आला तेव्हाच मी भावाला सांगायला हवं होतं. पण "लॅपटॉपवर आहे ना" यावर विसंबायची आम्हा दोघांना सवय लागली होती.

त्यानंतर मी थंडरबर्डचं अख्खं प्रोफाइल फोल्डर (त्याचा सगळा डेटा असतो ते) एका क्लाउड ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून पाहिलं, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर एकच फाइल वापरतील. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी फोल्डरमध्ये कॅलेंडरच्या डेटाबेसची "परस्परविरोधी प्रत" दिसली आणि भावाने घातलेल्या तीन नोंदी गायब होत्या. लगेच ते बंद केलं.

आता मला हवंय ते असं: नवी नोंद, बदललेली नोंद आणि काढून टाकलेली नोंद, तिन्ही दोन्हीकडे पोचायला हव्यात. भाऊ लॅपटॉप घेऊन आईबरोबर जातो, तिथे आत नेट मिळत नाही, तरी कॅलेंडर दिसायला हवं. आणि जमलं तर आईच्या आजाराचा तपशील बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर नको. मला कमांड लिहायची भीती नाही, पण आपण नेमकं काय करतोय ते समजल्याशिवाय या वेळी काहीच करायचं नाही असं ठरवलंय.

---

जुनी_तार | सोमवार, रात्री ११.४५

पानगळताई, आधी एक सांगतो. तुम्ही निष्काळजीपणा केलेला नाही. इम्पोर्ट हे दोन कॅलेंडरं जुळवण्यासाठी बनलेलंच नाही, आणि तो संदेश इतका मोघम आहे की कुणीही तुमच्यासारखाच अर्थ घेतला असता. मी बरीच वर्षं दोन ठिकाणचा डेटा जुळवणाऱ्या प्रोग्रामवर काम केलं आहे. तुमचा गुरुवार कसा हुकला ते मला वाचतानाच दिसत होतं.

कॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीला एक कायमचा ओळखक्रमांक असतो, त्याला यूआयडी म्हणतात. शीर्षक बदला, वेळ बदला, दिवस बदला, यूआयडी तोच राहतो. थंडरबर्ड इम्पोर्ट करताना फक्त एवढंच पाहतं की या यूआयडीची नोंद आपल्याकडे आहे का. असेल तर वगळतं. आतली वेळ वेगळी आहे का, कुठली नवी, कुठली जुनी, हे पाहतच नाही. त्यात तुमची डायलिसिसची नोंद रिपीट होणारी. सगळे मंगळवार, गुरुवार, शनिवार मिळून एकच नोंद, एकच यूआयडी. तुम्ही एक गुरुवार सरकवलात तेव्हा त्याच यूआयडीखाली "या दिवसाचा अपवाद" म्हणून एक जोड लिहिली गेली. लॅपटॉपला तो यूआयडी ओळखीचा होता, म्हणून तो अपवादासकट सगळं बाजूला ठेवून मोकळा झाला. म्हणजे दीड वर्षात तुमचा एकही बदल पलीकडे गेलेला नाही, फक्त नव्या नोंदी गेल्या. आजच लॅपटॉपवरच्या पुढच्या महिन्याच्या सगळ्या तारखा डेस्कटॉपशी एकदा डोळ्यांनी ताडून घ्या. बाकीचं नंतर केलं तरी चालेल, हे आज.

काढून टाकलेल्या नोंदींचं तर याहून अवघड आहे. समजा डेस्कटॉपवर ४० नोंदी आहेत आणि लॅपटॉपवर ३९. ती एक जास्तीची नोंद डेस्कटॉपवर नव्याने घातली आहे, की लॅपटॉपवरून काढली आहे? दोन याद्या कितीही वेळ समोरासमोर धरल्या तरी याचं उत्तर मिळत नाही, कारण ते त्या याद्यांमध्ये नाहीच. त्यासाठी तिसरी यादी लागते: मागच्या वेळी दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा काय काय होतं ती. त्या यादीत नोंद असेल तर ती लॅपटॉपवरून काढली गेली आहे, नसेल तर डेस्कटॉपवर नवीन आहे. सिंक म्हणण्याजोगा कुठलाही प्रोग्राम ही आठवण कुठे ना कुठे जपून ठेवतो. पेनड्राइव्हवरच्या आयसीएस फाइलला ती आठवण नसते, त्यामुळे त्या वाटेने हे कधीच जमणार नव्हतं.

क्लाउड फोल्डरचं काय झालं तेही सांगतो. थंडरबर्ड घरगुती कॅलेंडर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर साठवलेलं, एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, सगळं एकाच फाइलमध्ये. क्लाउड ड्राइव्हला आतल्या नोंदी दिसत नाहीत, त्याला ती फक्त एक फाइल दिसते. दोन्हीकडे थंडरबर्ड उघडं असताना दोन्हीकडे ती बदलली, की ड्राइव्ह एक प्रत ठेवतो आणि दुसरीला विरोधी प्रत म्हणून बाजूला टाकतो. भावाच्या तीन नोंदी त्या बाजूला टाकलेल्या प्रतीत अजून असतील, ती फाइल पुसू नका. आणि उघडा डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत कॉपी झाला तर सगळंच बिघडू शकतं. तुमचं तीन नोंदींवर निभावलं.

उपाय आहे, आणि चांगला जुना, सगळ्यांनी मान्य केलेला आहे. त्याला कॅलडॅव म्हणतात. उद्या सवडीने लिहितो.

---

दुपारवारा | मंगळवार, सकाळी ८.०५

मी साधी वाट सांगते. ज्या ईमेल सेवेचं तुमचं खातं आहे तिचंच ऑनलाइन कॅलेंडर असेल, तर ते दोन्हीकडच्या थंडरबर्डमध्ये जोडा. दोन्ही कॉम्प्युटर सर्व्हरवरचं एकच कॅलेंडर वाचतात, बदल आपोआप येतात. मी आणि माझी बहीण सहा वर्षं असंच चालवतोय. अर्ध्या तासात होतं.

फक्त एक खबरदारी. जोडताना खातं जोडा, "कॅलेंडरची लिंक" जोडू नका. माझी तिथेच फसगत झाली होती. लिंकने घेतलेलं कॅलेंडर वाचण्यापुरतं असतं, त्यात आपण काही लिहू शकत नाही. शिवाय बदल कधी दिसेल ते समोरच्याच्या मर्जीवर. गूगल कॅलेंडर बाहेरच्या लिंकवरचं ताजं करायला कित्येक तास घेतं. डायलिसिससारख्या गोष्टीला ते अजिबात चालणार नाही.

---

पानगळ | मंगळवार, दुपारी २.३०

दोघांचेही आभार. काल रात्रीच तारखा ताडल्या. लॅपटॉपवर आणखी दोन चुका सापडल्या. नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरांची) एक भेट आठवडाभर आधीची दिसत होती, आणि बंद झालेल्या एका इंजेक्शनचा रिमाइंडर अजून जिवंत होता. तो दुसरा वाचून मला बसल्या जागी धस्स झालं. भावाच्या तीन नोंदी बाजूच्या फाइलमध्ये होत्या. त्या हाताने पुन्हा घातल्या.

दुपारवारा, तुमची वाट सोपी आहे हे पटतं. पण नोंदींच्या खाली मी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं लिहिते. आई स्वतःच्या आजाराबद्दल फार कमी माणसांशी बोलते. तिला न विचारता ते बाहेर ठेवावंसं वाटत नाही. काल विचारलं, तर ती म्हणाली, घरात राहील असं काही जमतं का बघ. म्हणून जुनी_तार म्हणतात ते कॅलडॅव घरातल्याच डेस्कटॉपवर चालू शकेल का? तो दिवसभर चालूच असतो.

---

जुनी_तार | मंगळवार, रात्री ९.१०

चालतं. आणि आईंना विचारलंत हे फार बरं केलंत.

आधी हे काय आहे ते. कॅलेंडरची नोंद कशी लिहायची याचा खुला नमुना १९९८ साली आरएफसी २४४५ म्हणून आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटवरच्या पद्धती ठरवणारे क्रमांकित दस्तऐवज), २००९ साली सुधारून आरएफसी ५५४५ झाला. तुमची आयसीएस फाइल म्हणजे तोच नमुना. नोटपॅडमध्ये उघडा, साधा मजकूर दिसेल. मधल्या काळात, २००७ साली, आरएफसी ४७९१ आला, तोच कॅलडॅव. या नोंदी सर्व्हरवर ठेवायच्या, मागायच्या आणि बदलायच्या कशा, ते त्यात ठरवलं. थंडरबर्ड, एव्होल्यूशन, केऑर्गनायझर, ॲपलचं कॅलेंडर, सगळ्यांना ही भाषा येते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकला मात्र ती जात्याच येत नाही, वेगळं जोडसाधन घालावं लागतं. तुम्हाला तो प्रश्न नाही.

तुमच्या दृष्टीने मोठा फरक असा की कॅलडॅवमध्ये प्रत्येक नोंद सर्व्हरवर सुटी असते आणि तिच्या प्रत्येक रूपाला एक खूण असते, ईटॅग म्हणतात तिला. नोंद बदलली की खूण बदलते. लॅपटॉप बदल पाठवतो तेव्हा म्हणतो, "माझ्याकडे ही खूण असलेलं रूप होतं, ते अजून तेच असेल तरच माझा बदल घे." मधल्या वेळात तुम्ही डेस्कटॉपवरून ती नोंद बदललेली असेल तर खूण जुळत नाही, सर्व्हर बदल घ्यायला नकार देतो आणि थंडरबर्ड भावाला सांगतं की ही नोंद सर्व्हरवर बदललेली आहे. मग त्याने ठरवायचं. परवाच्या गुरुवारी तुम्हाला हेच मिळालं नाही: कुणीतरी थांबवून विचारणं.

दोन आडवाटा आहेत, लोक सुचवतील म्हणून आधीच सांगतो. एक, आयसीएस फाइल सामाईक फोल्डरमध्ये ठेवून दोन्ही थंडरबर्डना तीच दाखवायची. दर बदलाला संपूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते, त्यामुळे शेवटी लिहिणारा आधीच्याचं सगळं पुसू शकतो. दुसरी, व्हीडिरसिंकर. हा प्रोग्राम उत्तम आहे, वर सांगितलेली तिसरी यादी तो नीट ठेवतो. पण तो दोन साठ्यांमध्ये नोंदी जुळवतो आणि थंडरबर्डचा घरगुती साठा त्याला वाचता येत नाही. दोन्हीकडे थंडरबर्ड असताना मध्ये सर्व्हर ठेवणंच सरळ.

सर्व्हर म्हणून रॅडिकेल घ्या. पायथनमध्ये लिहिलेला, छोटा आणि खुला. नोंदी साध्या आयसीएस फाइली म्हणून एका फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे उद्या रॅडिकेल नकोसा झाला तरी डेटा तुमच्याच हातात. बहुतेक लिनक्समध्ये पॅकेज म्हणून मिळतो, नाहीतर पिपने (पायथनचे प्रोग्राम बसवण्याचं साधन) घाला.

डेस्कटॉपवर बसवल्यावर तो ५२३२ या पोर्टवर (नेटवर्कवरून येणाऱ्या मागण्यांसाठीचं क्रमांकाचं दार) ऐकतो, पण फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरचं. लॅपटॉपला उत्तर द्यायचं असेल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, सर्व्हरच्या भागात, होस्ट्सपुढे चार शून्यांचा पत्ता आणि ५२३२ लिहावं लागतं. इथे निम्मी मंडळी अडकतात. डेस्कटॉपवर सगळं दिसतं, लॅपटॉपवर काहीच नाही, आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. फायरवॉल असेल तर त्यातही ५२३२ मोकळा करा, पण घरच्या नेटवर्कपुरताच. राउटरवर बाहेरून येणारं काहीही उघडू नका. तसं केलंत तर आईंची नोंद घरात ठेवण्याला अर्थ उरणार नाही.

पासवर्डची फाइल वेगळी बनवायची, एचटीपासडब्ल्यूडी पद्धतीची (नाव आणि पासवर्डच्या जोड्या), बीक्रिप्टने, म्हणजे पासवर्ड उघडा दिसत नाही. आणि सेटिंगमधल्या ऑथ या भागात तिचा पत्ता द्यायचा. तुम्ही आणि भाऊ एकच नाव वापरा, दोन नावांमध्ये कॅलेंडर वाटून घेण्याची खटपट तुम्हाला गरजेची नाही. राउटरमध्ये डेस्कटॉपचा आयपी पत्ता राखून ठेवा, नाहीतर एक दिवस तो बदलेल आणि लॅपटॉपला सर्व्हर सापडणार नाही. रॅडिकेल सिस्टमडीत (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) घाला, म्हणजे डेस्कटॉप पुन्हा सुरू झाला की तोही आपोआप उठेल.

मग ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता आणि ५२३२ टाका, रॅडिकेलचं पान उघडेल, तिथे नवं कॅलेंडर बनवा. माझं मत विचाराल तर दोन बनवा, एक आईंचं, एक तुमच्या कामाचं. थंडरबर्डमध्ये नवं कॅलेंडर, नेटवर्कवरचं, नाव आणि पत्ता, "कॅलेंडर शोधा". दोन्ही कॉम्प्युटरवर हेच.

आता क्रम महत्त्वाचा आहे. डेस्कटॉपवरचं जुनं कॅलेंडर शेवटचं एकदा एक्स्पोर्ट करा आणि नव्या कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करा. हे फक्त एकदाच आणि फक्त डेस्कटॉपवरून. लॅपटॉपवरचं जुनं कॅलेंडर कुठेही इम्पोर्ट करू नका. तिथे ते बंद झालेलं इंजेक्शन आहे.

---

कोरा_कागद | बुधवार, सकाळी ७.१५

वर सगळं नीट सांगितलं आहे. मी बारा जणांच्या ड्यूट्यांचं कॅलेंडर सांभाळतो, रोजच्या वापरातलं थोडं सांगतो.

थंडरबर्ड नेटवर्कवरचं कॅलेंडर दर ३० मिनिटांनी ताजं करतं, मुळात तसंच ठरलेलं असतं. कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ५ मिनिटं किंवा १ मिनिट करा. घरातलाच सर्व्हर आहे, त्याला काही भार नाही. तिथेच ऑफलाइनची खूण आहे, ती लॅपटॉपवर लागलेली आहे ना ते नक्की बघा. ती असेल तर नेट नसतानाही सगळं दिसतं, आणि भावाने तिथे केलेली नोंद घरी आल्यावर वर जाते.

दुसरं रिपीट होणाऱ्या नोंदींचं. जुनी_तार म्हणाले तसं, सगळ्या फेऱ्या मिळून एकच नोंद असते. त्याचा एक परिणाम लक्षात येत नाही. तुम्ही शनिवार सरकवला आणि त्याच वेळी भावाने बाहेर असताना मंगळवारच्या फेरीत वजन लिहिलं, तर तुमच्या मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरच्या मते तुम्ही दोघांनी एकाच नोंदीत हात घातला. त्यामुळे खूण जुळणार नाही आणि भावाला प्रश्न विचारला जाईल. "माझेच बदल पाठवा" म्हटलं तर तुमचा शनिवार जाईल. म्हणून वजन, रक्तदाब वगैरे त्या मालिकेत लिहू नका. त्या दिवसाची वेगळी छोटी नोंद करा. मालिकेत फक्त वेळ असू द्या.

वार कायमचे बदलले तर जुन्या मालिकेचे वार बदलू नका, मागचा सगळा इतिहासही बदलून जाईल. जुन्या मालिकेला शेवटची तारीख द्या आणि नवी मालिका सुरू करा.

एखादी भेट रद्द झाली तर ती पुसण्याऐवजी नोंदीचं स्टेटस "रद्द" करा. पुसलेली नोंद दोन्हीकडून निमूट जाते आणि नंतर कुणालाच आठवत नाही की ती होती का. रद्द केलेली डोळ्यांसमोर राहते. फक्त तिचा रिमाइंडर काढायला विसरू नका.

औषध संपण्याच्या तारखा दिवसभराच्या नोंदी म्हणून घाला, रात्री १२ ते रात्री १२ अशा वेळ घालून नको. दिवसभराच्या नोंदीत नुसती तारीख असते. वेळ घातली की टाइमझोन चिकटतो, आणि एका कॉम्प्युटरचा टाइमझोन चुकीचा असला तर तीच नोंद दोन दिवसांवर पसरलेली दिसते. त्यावरून आठवलं, दोन्ही कॉम्प्युटरचं घड्याळ आणि टाइमझोन एकदा पडताळा. थंडरबर्डमध्ये टाइमझोनचं वेगळं सेटिंग आहे, तेही.

---

पानगळ | बुधवार, रात्री ११.००

रॅडिकेल चालू झाला. जुनी_तार म्हणाले तिथेच अडकले होते. लॅपटॉपवरून पान उघडेना. होस्ट्स बदललं होतं, पण रॅडिकेल बंद करून पुन्हा सुरू केला नव्हता. ते केल्यावर उघडलं.

नंतर भावाला शेजारी बसवलं. मी डेस्कटॉपवर "चाचणी" नावाची नोंद घातली, त्याच्याकडे मिनिटभरात आली. त्याने वेळ बदलली, माझ्याकडे बदलली. मी पुसली, त्याच्याकडून गेली. ती जाताना पाहून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दीड वर्ष मी पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात होते.

एक विचारायचं राहिलं. रिमाइंडर दोन्हीकडे वाजतो. भावाने लॅपटॉपवर बंद केला तरी माझ्याकडे वाजत राहील का?

---

जुनी_तार | गुरुवार, सकाळी ६.५०

थोडा वेळ वाजेल, मग गप्प होईल. रिमाइंडर बंद केला की थंडरबर्ड त्याच नोंदीत "इतक्या वाजता पाहिला" असं लिहून ठेवतं. ती नोंद सिंक होऊन तुमच्याकडे आली की तुमच्याकडचाही रिमाइंडर जातो. दोन्हीकडे थंडरबर्ड आहे म्हणून हे सरळ चालतं. पूर्वी प्रत्येक प्रोग्रामची यासाठी आपापली खूण असायची. २०२१ साली आरएफसी ९०७४ मध्ये तिला सामाईक नाव दिलं गेलं, पण सगळ्यांनी ते उचललंय असं धरून चालू नका.

आणि एक विनंती. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून मालिका पुसली गेली तर मिनिटभरात दोन्हीकडून जाईल. रॅडिकेलच्या कलेक्शन्सच्या फोल्डरची रोज रात्री एक तारीखवार प्रत निघेल असं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणारं लिनक्सचं साधन) लावून टाका. तुमचा पेनड्राइव्ह आता त्या कामाला येईल.

---

पानगळ | पुढच्या आठवड्यातला रविवार, संध्याकाळी ५.४०

अकरा दिवस झाले, म्हणून कळवते.

या काळात चार वेळा वेळा बदलल्या, चारही दोन्हीकडे आल्या. एकदा खूण न जुळल्याचा प्रश्न भावाला आला. मंगळवारी तो आईबरोबर होता, नेट नव्हतं, आणि कोरा_कागद यांनी नको म्हणून सांगितलेलं असूनही त्याने सवयीने वजन मालिकेतच लिहिलं. त्याच सकाळी मी शनिवारची वेळ बदलली होती. घरी आल्यावर थंडरबर्डने विचारलं, माझे बदल टाकून द्यायचे की तरीही पाठवायचे. त्याने कशालाही हात न लावता मला हाक मारली. आम्ही वजन कागदावर उतरवून घेतलं, त्याचे बदल टाकून दिले, शनिवार सुखरूप होता, आणि वजनाची वेगळी नोंद केली. आता तो तशीच करतो.

वेळ बदलल्याचा फोन आला की कॅलेंडरमध्ये घालायचं आणि दुसऱ्याला तोंडीही सांगायचं, असं आम्ही ठरवलंय. रात्री ९ वाजता जो आईजवळ असेल तो दुसऱ्या दिवशीचं तिला वाचून दाखवतो. काल ती म्हणाली की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची तारीख यात दिसत नाही. खरंच नव्हती. तिला ती पाठ होती. मी तिच्यासमोरच घातली आणि लॅपटॉपवर आलेली तिला दाखवली.

बॅकअप लावला. परवा एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून, फाइली वाचता येतात का ते बघितलं. येतात.

लॅपटॉपवरचं जुनं घरगुती कॅलेंडर अजून तसंच आहे. ते आता काढून टाकू का?

---

जुनी_तार | रविवार, रात्री ८.२५

महिनाभर थांबा. तोवर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रिमाइंडर दाखवण्याची खूण काढा, "फक्त वाचण्यासाठी"ची लावा आणि यादीतून लपवून ठेवा. रिमाइंडरचं मात्र आत्ताच करा, उद्या पहाटेच्या आत.

---

पानगळ | रविवार, रात्री ८.४०

केलं. इंजेक्शनचा तो रिमाइंडर खरंच उद्या सकाळी ८ ला वाजणार होता.